खोलीने होकार कळवला आहे

मीटिंग बोलावणाऱ्याला पूर्वी त्रास व्हायचा. फार चांगली सोय होती ती.

साहेबांना मीटिंग घ्यायची हुक्की आली की आधी पाच जणांना फोन लावायचे. त्यातले दोघे जागेवर नसायचे, त्यांच्यासाठी निरोप ठेवायचा. कॉन्फरन्स रूमची किल्ली ॲडमिनच्या माणसाकडे, आणि तो नेमका जेवायला गेलेला. चहा किती कप, ते कँटीनला सकाळीच सांगावं लागे. बिस्किटं हवी असतील तर व्हाउचरवर आणखी एक सही. एवढी यातायात करता करता निम्म्या साहेबांच्या ध्यानात यायचं, की जे विचारायचंय ते जोशींच्या टेबलाशी जाऊन उभ्याउभ्या विचारता येईल. मीटिंग टळायची. चहा मात्र व्हायचा.

आज काय लागतं? कॅलेंडरच्या एका चौकोनावर बोट टेकवायचं, नाव द्यायचं, चौदा ईमेल पत्ते टाकायचे, सेव्ह. व्हिडिओची लिंक आपोआप तयार होते, निमंत्रणाचे मेल आपोआप सुटतात आणि चौदा जणांच्या मंगळवारात आपोआप एकेक निळा ठोकळा येऊन बसतो. बोलावणाऱ्याचं अर्धं मिनिट गेलं, बोलावलेल्यांचे चौदा तास. व्हिडिओ, मेल आणि कॅलेंडर एकमेकांना जोडून देणाऱ्या मंडळींचा याबद्दल जाहीर सत्कार व्हायला हवा. सत्काराची मीटिंग कुणीतरी टाका.

हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीला आपण उठसूट नावं ठेवतो. पण त्या बिचाऱ्याला वार्षिक सर्वसाधारण सभा बोलवायची तर पूर्ण चौदा दिवस आधी नोटीस काढावी लागते. आदर्श उपविधीतच तसं लिहून ठेवलंय. विषयपत्रिका द्यावी लागते, मागच्या सभेचं इतिवृत्त द्यावं लागतं. गणसंख्या भरली नाही की सभा अर्धा तास तहकूब होते, आणि अर्ध्या तासाने तेच सहा जण त्याच प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून तीच सभा कायदेशीररीत्या सुरू करतात. यावर आपण हसतो. आणि सोमवारी ऑफिसात दहाच्या मीटिंगचं निमंत्रण नऊ बावन्नला येतं, विषयाच्या जागी 'क्विक सिंक', विषयपत्रिकेच्या जागी लिंक. यावर मात्र आपण 'ॲक्सेप्ट' दाबतो.

*

या निमंत्रणाच्या पोटात काय असतं ते एकदा उघडून बघण्यासारखं आहे. मेलबरोबर एक चिमुकली आयसीएस फाइल येते. ती नोटपॅडमध्ये टाकली की साधा मजकूर दिसतो: सुरू कधी, संपणार कधी, बोलावणारा कोण, बोलावलेले कोण. आयकॅलेंडर नावाचं हे मानक 1998 मध्ये ठरलं, 2009 मध्ये त्याची डागडुजी झाली. आउटलुक, गूगल, ॲपल ही एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी घराणी या एका मसुद्यावर सह्या करून मोकळी झाली आहेत, म्हणून तर जीमेलवाल्याचं बोलावणं आउटलुकवाल्याला पोचतं.

मानक लिहिणाऱ्यांनी मीटिंगा भरपूर भोगलेल्या असणार. प्रत्येक निमंत्रिताची भूमिका नोंदवायची त्यात सोय आहे. भूमिका चार. अध्यक्ष, यायलाच हवा असा, आला तर आला असा, आणि चौथी 'नॉन-पार्टिसिपंट', म्हणजे फक्त माहितीसाठी कळवलेला, ज्याने भाग घेणं अपेक्षित नाही असा. मी आजवर बसलो त्या मीटिंगांमध्ये या चौथ्या वर्गाचं निर्विवाद बहुमत होतं. निमंत्रणात मात्र सगळ्यांना दुसऱ्या वर्गात कोंबलेलं. उत्तरंही ठरवून दिलेली आहेत: होकार, नकार आणि 'टेंटेटिव्ह'. लग्नाच्या आमंत्रणाला 'बघतो, जमवतो' म्हणणाऱ्या समाजाला हे तिसरं बटण कुणी शिकवावं लागलं नाही.

कॉन्फरन्स रूमसुद्धा या मानकात निमंत्रितच असते. माणसांच्याच यादीत तिचं नाव, पुढे फक्त 'रूम' अशी खूण. तिलाही निमंत्रण जातं, ती आपलं वेळापत्रक बघते आणि रीतसर उत्तर पाठवते. चौदा जणांना बोलावलं की पहिल्या मिनिटात येणारा होकार खोलीचा असतो. पुष्कळदा तेवढाच येतो. मग मंगळवारी चार वाजता जो तो आपापल्या टेबलावरून हेडफोन चढवून जॉइन होतो, आणि वेळेवर हजर झालेली खोली एकटीच एसी लावून बसते.

आता लिंकेचं. 1998 च्या मसुद्यात व्हिडिओच्या लिंकेला वेगळी जागा नव्हती, ते समजू शकतो. 2016 मध्ये मानकात भर घातली आणि 'कॉन्फरन्स' नावाची एक स्वतंत्र ओळ दिली. लिंक तिथे लिहा, कुठल्याही कॅलेंडरने ती वाचावी, 'जॉइन'चं बटण दाखवावं, विषय संपला. पण तो संपू दिला तर कंपन्या कसल्या? गूगलच्या निमंत्रणात वेगळीच ओळ असते: एक्स-गूगल-कॉन्फरन्स. मायक्रोसॉफ्टच्या निमंत्रणात: एक्स-मायक्रोसॉफ्ट-स्काइपटीम्समीटिंगयूआरएल. एका दमात वाचून दाखवा. झूमची लिंक बहुतेक वेळा 'स्थळ' या रकान्यात, आणि शिवाय खालच्या मजकुरात. सुरुवातीचं ते 'एक्स' म्हणजे ही आमची घरगुती ओळ आहे, इतरांनी लक्ष दिलं नाही तरी चालेल. इतर ते अगदी मनापासून पाळतात. आणि मायक्रोसॉफ्टच्या ओळीतलं ते स्काइप पाहिलंत ना? 2011 मध्ये साडेआठ अब्ज डॉलर मोजून आणलेलं स्काइप त्यांनी 5 मे 2025 रोजी बंद केलं. कागदोपत्री ते अजून नांदतंय.

मग तुमच्या फोनमधल्या कॅलेंडरने काय करावं? ते सगळ्या मजकुरातून लिंकेसारखं काही दिसतंय का ते हुडकत बसतं. मजकुरात असतं काय, तर मीटिंग आयडी, पासकोड, निरनिराळ्या देशांतून फोन लावायचे नंबर, आणि सगळ्यांत खाली 'हा मेल छापण्यापूर्वी पर्यावरणाचा विचार करा'.

पासकोडचीही एक गंमत आहे. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये परक्या मीटिंगांत घुसून धुडगूस घालणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा झूमने फुकट खात्यांना पासकोड आणि वेटिंग रूम लावून टाकली. उत्तम केलं. पण हा पासकोड लिंकेतच गुंफलेला असतो, लिंक कॅलेंडरवर असते आणि कॅलेंडर निम्म्या कंपनीला उघडं असतं. दाराला कुलूप, आणि किल्ली त्याच कडीला लटकवलेली.

*

या सगळ्याचं फळ म्हणजे दोन लिंकांचं निमंत्रण. ज्या ऑफिसात मेल गूगलचा आणि मीटिंग झूमची, तिथे हा प्रकार हटकून भेटतो. कुणीतरी गूगल कॅलेंडरवर निमंत्रण बनवतं. त्यात पाहुणा घातला की गूगल न विचारता मीटची लिंक लावून मोकळं होतं. बोलावणाऱ्याच्या ते गावीही नसतं, कारण तो खालच्या मजकुरात झूमची लिंक पेस्ट करण्यात गुंतलेला असतो. निमंत्रण पोचतं तेव्हा वर मीटचं ठसठशीत निळं बटण, खाली बारीक अक्षरात झूम. मंगळवारी चार वाजून सहा मिनिटांनी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चालतं ते असं:

'कुठे आहात सगळे?'

'मी आत आहे.'

'मीपण आत आहे.'

'मग दिसत का नाहीस?'

'कॅमेरा बंद आहे.'

'अगं, नावही दिसत नाही. आम्ही चौघंच आहोत.'

'आम्ही पाच जण आहोत. सर पण इथेच आहेत.'

'कुठली लिंक घेतलीस? वरची की खालची?'

'वरची.'

'खालची घे.'

वरचे पाच जण खाली येतात. तोवर खालच्या चौघांना सर वर असल्याचं कळलेलं असतं. ते वर गेलेले असतात.

हे बंद करता येतं. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये एक टिक काढली की मीटची लिंक आपोआप लागत नाही. कंपनीच्या ॲडमिनला ती सगळ्यांसाठी एकदम काढता येते. झूमचं ॲड-ऑन बसवलं की त्याच जागी झूमचा पर्याय दिसायला लागतो. पाच मिनिटांचं काम आहे. ते होत नाही, कारण ते कुणाचंच नाही. आयटी म्हणतं हा पॉलिसीचा प्रश्न, एचआर म्हणतं हे टेक्निकल आहे. तेव्हा दोघांची मिळून एक मीटिंग ठेवली जाते. निमंत्रणात लिंका किती असतील, ते सांगायला नको.

आउटलुकवाल्यांनी फार खूश होऊ नये. तिथली हेल्पडेस्कची जुनी तक्रार म्हणजे आउटलुकमधून 'टीम्स मीटिंग'चं बटण गायब. दोन्ही गोष्टी एकाच मायक्रोसॉफ्टच्या, एकाच बिलावर आलेल्या, तरी बटण जातं. उपाय मायक्रोसॉफ्टनेच लिहून दिलाय: आधी टीम्स पुन्हा सुरू करा, साइन आउट होऊन परत साइन इन करा, आणि नंतर आउटलुक पुन्हा सुरू करा. याच क्रमाने. क्रम चुकला की फळ नाही. मग 'नवं आउटलुक' आलं आणि जुन्या पद्धतीचे प्लग-इन त्यात चालेनासे झाले. वर्षानुवर्षं बसलेलं झूमचं बटण एका सकाळी दिसेना, आणि 'अपडेट कुणी केलं?' हा प्रश्न अख्ख्या मजल्यावर फिरला. कुणीच केलं नव्हतं. ते झालं होतं.

बटणासाठी एवढी मारामारी का? कारण ज्याचं बटण कॅलेंडरवर, त्याची मीटिंग. ॲप कुणाचं चांगलं, हा प्रश्न इथे निघतच नाही. गृह मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्ये झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली. त्याच काळात सरकारने देशी व्हिडिओ ॲपसाठी स्पर्धा लावली आणि ऑगस्टमध्ये केरळच्या टेकजेन्शिया कंपनीच्या व्हीकन्सोलने ती जिंकली. बक्षीस एक कोटी. तुमच्यापैकी किती जणांनी व्हीकन्सोलवर मीटिंग केलीय? हात वर करा, बटण खाली आहे. ॲप चांगलंच असणार, उगाच का कुणी कोटी रुपये देतं? पण निमंत्रण बनवताना ते आपोआप लागत नव्हतं. युरोपात हे आधीच ओळखलं होतं. टीम्सच्या स्पर्धक स्लॅकने जुलै 2020 मध्ये युरोपियन आयोगाकडे तक्रार केली, की ऑफिसच्या पॅकेजबरोबर टीम्स गळ्यात मारलं जातंय. 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपात आणि 2024 मध्ये जगभर टीम्स वेगळं विकायला काढलं. तोवर साऱ्या जगाच्या कॅलेंडरांना त्याची सवय लागून चुकली होती.

*

जोडणी करताना एक परवानगीची पाटी येते, ती कुणी वाचत नाही. मी वाचली. एखाद्या ॲपला तुमचं गूगल कॅलेंडर पुऱ्या हक्काने हवं असेल तर गूगल विचारतं: तुम्हाला जी जी कॅलेंडरं उघडता येतात ती सगळी या ॲपने पाहावीत, बदलावीत, दुसऱ्यांना द्यावीत आणि कायमची पुसून टाकावीत, हे चालेल का? आपलं म्हणणं एवढंच होतं, की बाबा रे, मंगळवारच्या चारच्या मीटिंगला लिंक चिकटव. आपण 'अलाउ' म्हणतो. 'उघडता येतात ती सगळी' यात बायकोने शेअर केलेलं घरचं कॅलेंडर येतं, त्यात गॅसचा नंबर लावायची तारीख, पोराची पालकसभा आणि सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. गूगल खात्यात जोडलेल्या ॲपांची एक यादी असते, ती सवडीने उघडा. लॉकडाउनमध्ये मुलीच्या कथकच्या क्लाससाठी घेतलेलं कुठलंसं ॲप अजून तुमच्या गुरुवारांवर नजर ठेवून असेल. क्लास बंद पडला. मुलगी आता बंगळुरूला नोकरीला आहे.

त्याच लॉकडाउनमध्ये, एप्रिल 2020 मध्ये, झूमने अभिमानाने सांगितलं होतं की आमचे रोजचे 30 कोटी वापरकर्ते झाले. चार महिन्यांपूर्वी हा आकडा एक कोटी होता. मग हळूच दुरुस्ती आली: वापरकर्ते नव्हे, मीटिंगमधल्या हजेऱ्या. एकाच माणसाने दिवसात पाच मीटिंगा केल्या तर तो पाचदा मोजलाय. पत्रकारांनी यावरून कंपनीला बरंच धारेवर धरलं. हिंजवडीच्या आयटीवाल्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, मोजणी बरोबर आहे. पाच मीटिंगा करणारा माणूस संध्याकाळी पाच माणसांएवढा दमलेला असतो.

झूमच्या पदरात एक पुण्य मात्र टाकायला हवं. फुकट खात्यावरची मीटिंग चाळीस मिनिटांनी तोडणारं ते घड्याळ. ते पैसे काढण्यासाठी लावलंय, ठाऊक आहे. पण मराठी माणसाचं बोलणं अर्ध्या वाक्यात तोडायची हिंमत आजवर दुसऱ्या कुणी दाखवलेली नाही. कितीतरी साहित्य मंडळांचे ऑनलाइन कार्यक्रम या घड्याळामुळे आभारप्रदर्शनावाचून आटोपले आणि श्रोते सुखरूप राहिले. गूगल मीटने साठ मिनिटं दिली, तिथेच बिघडलं.

*

वेळेचा घोळ कॅलेंडर करत नाही. कॅलेंडर अचूक असतं, हेच दुःख आहे. अमेरिकेतलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. न्यू जर्सीच्या माणसाने सकाळी अकराची रोजची मीटिंग टाकली की पुण्यात ती उन्हाळाभर रात्री साडेआठला असते आणि नोव्हेंबरात मुकाट्याने साडेनऊला जाते. युरोपातलं घड्याळ वेगळ्या रविवारी हलतं, म्हणजे लंडनही त्याच कॉलवर असेल तर मधले काही आठवडे कुणी नक्की कधी जेवायचं ते कॅलेंडरच ठरवतं. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती मानली नव्हती. गिरणी कामगार चिडले, महापालिका अडून बसली, आणि 39 मिनिटं मागे चालणारी आपली मुंबई वेळ या शहराने 1955 पर्यंत रेटली. आज हिंजवडीतला पोरगा वर्षातून दोनदा आपलं ताट न्यू जर्सीच्या घड्याळाप्रमाणे सरकवतो. आईने पोळी गरम ठेवायची आणि त्याने म्यूटवर घास गिळायचा.

त्यात मेलमध्ये कुणी '5 पीएम आयएसटी' असं हाताने लिहिलं की बघायलाच नको. डब्लिनमधल्या क्लायंटच्या लेखी उन्हाळ्यात आयएसटी म्हणजे आयर्लंडची वेळ. पुणेकर पाचला जॉइन होऊन रिकाम्या पडद्याकडे बघत बसतात, आणि क्लायंट उगवतो रात्री साडेनऊला. तेल अवीवमध्येही आयएसटीच म्हणतात, ते जाऊ द्या.

दर आठवड्याची मीटिंग हे प्रकरण त्याहून भारी. आयकॅलेंडरमध्ये पुनरावृत्तीची ओळ लिहिताना शेवटची तारीख किंवा संख्या दिली नाही, तर मानकानुसार ती मीटिंग कायम होत राहते. कायम म्हणजे कायमच, काहीही अलंकारिक नाही. माणूस तेवढा टिकत नाही. मीटिंग टाकणारा नोकरी सोडतो, त्याचं खातं बंद होतं, आणि सोमवारची साडेनऊची मीटिंग पोरकी होऊन चौदा कॅलेंडरांवर लटकत राहते. सगळ्यांच्या कॅलेंडरांवरून ती एकदम काढायची तर बोलावणाऱ्याने रद्द करायला हवी, आणि बोलावणारा आता दुसऱ्या कंपनीत सोमवारी साडेनऊलाच बसलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल-सर्व्हरच्या ॲडमिनला अशा मीटिंगा पुसायची कमांड दिलेली आहे. पण त्यासाठी तिकीट टाकावं लागतं, तिकिटाला मॅनेजरची मंजुरी लागते. एवढा त्रास कोण घेणार? सगळे सोमवारी साडेनऊला जॉइन होतात, दोन मिनिटं एकमेकांचे कपाळाचे भाग बघतात, 'आज काही नाही ना?' म्हणतात आणि निघतात. कॅनडाच्या शॉपिफायने जानेवारी 2023 मध्ये पुन्हापुन्हा होणाऱ्या सुमारे 12 हजार मीटिंगा एका फटक्यात कॅलेंडरांवरून उडवल्या, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. बोलावणाऱ्याला पुन्हा थोडा त्रास द्यायचा, एवढाच त्यातला विचार. मीटिंग हवी असेल तर नव्याने टाका. त्याच वर्षी त्यांनी निमंत्रण बनवतानाच ही मीटिंग कंपनीला अंदाजे किती डॉलरला पडणार, हे दाखवायची सोय केली. आपल्याकडे ती कुणी आणणार नाही. आकडा काढायचा तर साहेबांना स्वतःच्या पगाराचा अंदाज द्यावा लागेल.

*

बोलावणाऱ्याचा त्रास असा गेला. बोलावलेल्याचा राहिला होता, तोही आता जातोय. एआय नोटटेकर नावाचं एक पात्र आलंय. त्याला कॅलेंडर जोडून दिलं की प्रत्येक निमंत्रणातली लिंक ते स्वतः शोधतं आणि वेळेवर जाऊन बसतं, तुम्ही गेलात तरी आणि नाही गेलात तरी. दोन लिंका असल्या तरी ते घाबरत नाही. परवा एका मीटिंगमध्ये सात चौकोन होते. 'कुलकर्णी यांचा नोटटेकर', 'देशमुख यांचा नोटटेकर', असे पाच. उरलेल्या दोन चौकोनांत माणसं. त्यातलं एक स्क्रीन दाखवत होतं, दुसरा मी.

'सगळ्यांना दिसतंय ना?' त्याने विचारलं.

पाचही जण लिहून घेत होते.

संध्याकाळी मेलमध्ये वृत्तांत आले. पाच नोटटेकरांचे पाच, थोडेफार वेगळे. एकाच्या मते निर्णय झाला होता, दोघांच्या मते विषय पुढे ढकलला होता, एकाने माझ्या नावावर एक काम टाकलं होतं, आणि मी तर मीटिंगभर म्यूटवर होतो. सगळं वाचायला कुणाला वेळ आहे? पण त्याचीही सोय आहे. मेल उघडला की वरच्या बाजूला मेलवाल्याचा एआय त्याचा चार ओळींचा गोषवारा काढून देतो. एका यंत्राने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं, आपण फक्त नजर टाकायची. शेवटच्या ओळीत होतं: पुढच्या मंगळवारी चार वाजता पुन्हा भेटायचं ठरलं.

कुणी ठरवलं, ते लिहिलेलं नव्हतं. शेजारी 'कॅलेंडरवर टाका' असं बटण होतं. मी ते दाबलं नाही. अर्ध्या तासात दुसऱ्या कुणीतरी दाबलं.